क्षेत्र किती?

पन्हाळ्यात बुरशीची भीती वाटत नाही, सवय होते. मृगाचा पाऊस सुरू झाला की ढग आधी तटावर टेकतो, तटावरून गल्लीत उतरतो, गल्लीतून खिडकीत आणि खिडकीतून कपाटात शिरतो, आणि दसऱ्याच्या आसपास कुणीतरी आठवण करून दिल्यावर निघतो. तोवर कातडी चपलांवर हिरवी लव आलेली असते. पापडांनी मान टाकलेली असते. मिठाच्या बरणीत चमचा उभा राहत नाही, पोहतो. लग्नाच्या फोटोतल्या नवरदेवाच्या गालावर दर पावसाळ्यात नवे पांढरे ठिपके उमटतात. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं म्हणणं, ह्यांचा मूळचा स्वभाव आता फोटोतसुद्धा दिसायला लागलाय. या सगळ्याला इथं कुणी रोग म्हणत नाही. पावसाळा म्हणतात.

एका जागी मात्र डाग दिसला की घर हादरतं. ती जागा म्हणजे खिडकीतली वाटीएवढी कुंडी आणि तिच्यातलं जाड पानांचं, गुबगुबीत, कमळाच्या आकाराचं रोप. सक्युलंट.

हे रोप पन्हाळ्यात कुणी विकत आणत नाही. ते येतं. पूर्वी सत्काराला शाल आणि श्रीफळ असायचं. शालीचा उपयोग नव्हता पण उपद्रवही नव्हता, नारळाची तर चटणी व्हायची. मग ‘शाल-श्रीफळाऐवजी रोप’ अशी सुधारणा झाली. आंब्याचं रोप व्यासपीठावर धरायला अवघड जातं, पाहुण्याच्या गाडीत मावत नाही आणि फोटोत पाहुणा झाकून टाकतं. सक्युलंट एका तळहातावर राहतं. त्यामुळे सत्काराला सक्युलंट, बारशाच्या रिटर्न गिफ्टला सक्युलंट, वास्तुशांतीला सक्युलंट. आणि सगळ्यात मोठं वाटप ५ जूनला, पर्यावरण दिनी. मृग लागतो ७ किंवा ८ जूनला. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांतून वाळवंटातलं रोप पन्हाळ्यात आणायला सर्वांत अयोग्य असा जो दोन-तीन दिवसांचा मुहूर्त, तो आपण पर्यावरणासाठी राखून ठेवला आहे.

या रोपांची माहेरं लांबची. ते कमळासारखं एकेव्हेरिया मेक्सिकोतलं. जेड आणि हावर्थिया दक्षिण आफ्रिकेतली. लवदार कानांचं पांडा प्लांट मादागास्करचं. पाऊस तिकडे पाहुण्यासारखा येऊन जातो. आमच्याकडे तो घरजावई आहे. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पावसाळ्यात ढिला पडेल असा गडावरच्यांचा होरा होता. सिद्दीने पावसापासून बचावाला छपरं उभी केली आणि तो बसून राहिला, ही गोष्ट आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही माहीत असते. पन्हाळ्याचा पाऊस माणसाला हलवू शकला नाही, हे खरं. पण तो स्वतःही हलत नाही, हे त्या वेढ्याच्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

मी इथल्या शाळेत बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक जीवशास्त्र विसरले, ‘बाई’ विसरले नाहीत. त्यामुळे जुलै उजाडला की माझ्या ओट्यावर कुंड्या यायला लागतात. छत्रीखाली माणूस भिजत असतो आणि कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी असते. ज्या एका रोपाला प्लास्टिकची पिशवी घालू नये, त्यालाच ती घातलेली असते.

“बाई, हे बघा की. डाग पडल्यात.”

“पाणी किती घालतेस?”

“रोज घालतो की.” कोल्हापूरकडची लेक, मी-घालतो-मी-जातो अशीच बोलणार. “सकाळी एकदा. आणि संध्याकाळी जरा सुकल्यागत वाटलं तर.”

धुक्यात खिडकीची काच आतून भिजलेली असताना तिला ते सुकल्यागत कुठून वाटतं, हे विचारण्यात अर्थ नसतो. प्रेम आहे ते.

खरं तर माझ्याकडे येईपर्यंत निदान होऊन गेलेलं असतं. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेल्या मोरोपंतांनी एकाच रामायणाच्या १०८ तऱ्हा केल्या म्हणतात. एका डागाच्या तेवढ्या तऱ्हा करणं या गडाला जड नाही. त्यातलं सर्वांत वजनदार मत आमच्या आप्पांचं. आप्पा राहायला गडावर, पण त्यांचा ऊस गडाखाली. पृथ्वीवरच्या सर्व वनस्पतींचे दोन वर्ग आहेत, असं त्यांचं शास्त्र: ऊस आणि इतर. इतरांना जे काही होतं ते उसाला आधी होऊन गेलेलं असतं. तपकिरी ठिपका दिसला की “तांबेरा”. शेंडा वाकडा झाला की “पोक्का बोइंग”. आणि पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की आप्पांचा आवाज खाली येतो, कारण २००२ साली लोकरी माव्याने सांगली-कोल्हापूरकडच्या उसाचे जे हाल केले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. “बाई, लोकरी मावा वर आला गडावर.” जणू तीन दरवाजातून चढून आला.

तो लोकरी मावा नसतो, पिठ्या ढेकूण असतो. पण आप्पांची घाबरण्याची दिशा बरोबर असते. आणि एकदा तर ते साफ बरोबर निघाले. एका घरातल्या कोरफडीवर काळपट-तांबूस, गोल, टणक डाग होते आणि आप्पांनी लांबूनच “तांबेरा” म्हणून टाकलं. कोरफडीवर खरोखरचा तांबेरा येतो, त्याची स्वतंत्र बुरशी आहे, आणि हे तेच होतं. मी तसं कबूल केलं. त्या दिवसापासून आप्पांना आवरणं कठीण झालं आहे. आता ते भिंतीवरच्या ओलीलासुद्धा तांबेरा म्हणतात.

त्यांचे एक पाहुणे तासगावकडचे, द्राक्षवाले. त्यांच्या जगात डावणी, भुरी आणि करपा याखेरीज चौथा रोग नाही, आणि तिन्हींवर बोर्डो. मोरचूद आणि चुना. या औषधाची मूळ कथा त्यांना फार आवडते, मलाही. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खात, म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडत. विषारी दिसावं, एवढाच हेतू. डावणीने सगळा मळा झडला तरी या कडेच्या वेलींची पानं टिकली, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते औषध म्हणून जगापुढे मांडलं. चोरांसाठी केलेली सोय रोगाला लागू पडली. पाहुण्यांचा यावरून निष्कर्ष असा की, मारून तर बघायचं. काय होतंय!

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचं निदान वेगळं असतं. दृष्ट. सत्काराला मिळालेलं रोप आहे, व्यासपीठावर शंभर जणांनी बघितलंय, लागणारच. मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत. मला यावर बोलायला लावलं की मी म्हणते, जरूर उतरवा. माझ्या पाहण्यातल्या सगळ्या उपचारांत एवढा एकच असा आहे की ज्यात रोपावर पाणी पडत नाही.

राहिली पोरं. ती फोन पुढे करतात. फोनमधलं यंत्र पानाचा फोटो बघून रोगाचं नाव सांगतं. एकाच्या हावर्थियाचा फोटो बघून त्याने ‘अननस’ असं सांगितलं आणि खत सुचवलं. पोरगा निराश झाला नाही, त्याने फळ कधी लागेल ते विचारलं.

हावर्थियाची ती एक शोकांतिकाच आहे. त्याच्या गडद हिरव्या पानांवर पांढऱ्या टणक पुळ्यांच्या रांगा असतात. जन्मजात. तेच त्याचं रूप. एका सुगरण काकूंनी त्या पुळ्या कीड समजून जुन्या टूथब्रशने घासल्या आणि तीन-चार पानं गुळगुळीत केली. पांडा प्लांटच्या पानांच्या कडेला चॉकलेटी ठिपक्यांची किनार असते. ती करपलीय असं वाटून एका वहिनींनी नखं कापायच्या कात्रीने सगळी किनार नेटकी कापली. जेडच्या पानांवर पांढरे बारीक दाणे दिसतात. जेडला पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून जास्तीचं पाणी बाहेर येतं, वाळतं आणि पाण्यातला क्षार मागे राहतो. ओल्या फडक्याने पुसला, की गेला. फारच चिवट असेल तर फडक्याच्या पाण्यात व्हिनेगरचे दोन थेंब.

आता हे ऐकून काकू फडकं घेऊन एकेव्हेरियाकडे वळतात, तिथं मी आडवी येते. एकेव्हेरियाच्या पानावरची निळसर पांढरी भुकटी ही धूळ नाही. ते मेण आहे. ऊन परतवायला आणि पाणी ओघळवायला त्या पानाने स्वतः तयार केलेलं. एकदा पुसलं की त्या पानावर पुन्हा येत नाही. म्हणजे जेड पुसायचं, एकेव्हेरिया पुसायचं नाही. हा नियम आमच्या गल्लीत अजून उलटाच पाठ आहे.

तर डाग पाहिल्यावर पहिलं काम हे की, तो डागच आहे का ते बघणं. पुसून जातो का. दुसऱ्या पानांवर तसाच, तितक्याच अंतराने, शिस्तीत आहे का. रोग एवढा शिस्तीचा नसतो. मग बोटाने दाबायचं. पान मऊ, पिवळट, आरपार दिसणारं आणि लिबलिबीत असेल तर रोप पाण्याने बेजार आहे. शेवाळलेल्या डबक्याचा वास आला तर जिवाणूंनी सडवलंय. तिथं दया नाही, सडका भाग स्वच्छ सुरीने कापायचा, प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसायची. डाग कोरडा, गोल, खोलगट, कडेला गडद आणि आठवड्याभरात वाढणारा असेल तर बुरशीचा करपा. ते पान काढायचं आणि जाळायचं, परसात टाकायचं नाही. वाढतो की नाही हे कळायला पेनने डागाभोवती रेघ मारून ठेवावी. रेघेबाहेर गेला तर रोग, आत राहिला तर व्रण. या साध्या रेघेएवढी माहिती दुसऱ्या कुठल्याच तपासणीत मिळत नाही, पण ती मारायला सांगितली की लोक नाराज होतात. रेघ मारून आठ दिवस थांबणं म्हणजे काय उपचार झाला का?

पन्हाळ्यात माझ्याकडे जे सर्वांत जास्त येतं ते मात्र वेगळंच. पानाच्या खालच्या बाजूला खडबडीत, तपकिरी, बुचाच्या लाकडासारखे उंचवटे. ना कीड, ना बुरशी. मुळं पाणी ओढत राहतात, पण बाहेर हवाच इतकी ओली की पानातून वाफ होऊन जायला जागा नाही. आतल्या पेशी फुगतात, फुटतात आणि तिथं खपली धरते.

आणि ही झाडं श्वासही उलट्या वेळेला घेतात. आपल्याकडची पानफुटी त्यांच्याच कुळातली. मद्रासकडे राहणाऱ्या बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतीच्या अभ्यासकाने दोनशे वर्षांपूर्वी पानफुटीचं पान सकाळी चावून पाहिलं, तर आंबट. दुपारी चावलं, बेचव. संध्याकाळी कडवट. त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीला लिहून कळवलं आणि १८१५ मध्ये ते छापून आलं. पुढं उलगडलं ते असं की, ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून पाणी वाचवतात, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि सकाळपर्यंत आंबटाच्या रूपात साठवतात. दिवसभराच्या उन्हात तो आंबट खर्च होतो. जुलैतल्या पन्हाळ्यात खर्च करायला ऊन नाही आणि उघडायला कोरडी रात्र नाही. हेन साहेबाने एक पान चघळलं आणि शास्त्र पुढं गेलं. आम्ही दर पावसाळ्यात तोच विषय चघळतो.

एवढं ऐकून घेतल्यावर लोक म्हणतात, “ते बरोबर आहे बाई, पण औषध कोणतं मारायचं?”

औषधासाठी उतरावं लागतं कृषी सेवा केंद्रात. आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ कुंडी घेऊन गेले होते, मी सोबत होते. दुकानात उसाचे, भुईमुगाचे, सोयाबीनचे शेतकरी. काउंटरवरचा पोरगा वही उघडून बसलेला, मान खाली.

“पीक?”

“सक्युलंट.”

मान वर आली. “कोबीतली जात काय?”

“कोरफडीच्या ओळखीतलं आहे.”

“कोरफड लिवतो. क्षेत्र किती?”

गृहस्थांनी कुंडी काउंटरवर ठेवली.

“हे सँपल झालं काका. क्षेत्र किती?”

“हेच.”

पोराने कुंडीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्याला धंद्याचा अनुभव होता. तो खचला नाही.

“ठिबक का पाटपाणी?”

“तांब्या.”

मागच्या बाकावर बसलेले दोन शेतकरी उठून जवळ आले. एकाने कुंडीतलं पान बोटांत धरून, मायेने चेपून, “ह्याला उतारा काय बसतोय?” असं विचारलं. काका म्हणाले, उतारा नाही, शोभेचं आहे. त्यावर शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटली ती दुष्काळग्रस्तांसाठी राखीव असते.

पोराने कॉपर ऑक्सिक्लोराइडचा पुडा काढला. अर्धा किलो. पंपाला ४५ ग्रॅम, म्हणजे लिटरला ३. सोबत स्टिकर, कारण पावसाळी हवेत औषध पानाला चिकटायला हवं. सोबत टॉनिक, पानं रुंद व्हायला. काकांना रुंद पानांचं आकर्षण वाटलं, मी डोळे वटारले तसे ते टॉनिकवरून हात काढून घेते झाले. पुडा मात्र घेतला.

येताना मी हिशेब केला. या कुंडीला एका वेळी फार तर अर्धा कप, १०० मिली फवारा लागणार. त्यात औषध ०.३ ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी, वर्षभर, न चुकता मारलं तरी तो पुडा जवळजवळ ६८ वर्षं पुरेल. काकांचं वय ७२. पुड्याला सातबाऱ्याप्रमाणे वारसनोंद करून ठेवावी लागेल, असं मी सुचवलं. पुड्यावर छापलेली मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते, हा भाग निराळा.

आणि मुद्दा असा की त्या रोपाला बुरशी नव्हतीच. त्याला खपल्या धरल्या होत्या. खपलीवर ताम्रयुक्त औषध मारणं म्हणजे रोपाच्या माथ्यावर अजून अर्धा कप पाणी ओतणं, फक्त निळं.

बुरशीवरची औषधं वाईट नाहीत. करपा खरंच पसरत असेल, शेजारच्या कुंडीत शिरला असेल, तर डागाळलेली पानं काढून उरलेल्यांवर ताम्रयुक्त औषधाचा हलका फवारा चालतो. पिठ्या ढेकणाला तर औषधाच्या दुकानापर्यंत जायचीही गरज नाही. कान साफ करायच्या काडीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेका पांढऱ्या गोळ्याला टेकवायचा. मेण विरघळतं, कीड मरते. चारेक दिवसांनी पुन्हा, कारण अंडी लपलेली असतात. फारच पसरला तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा निंबोळी तेल आणि दोन-तीन थेंब साबण, तेही संध्याकाळी, आणि मेणवाल्या एकेव्हेरियावर नाही.

याच पिठ्या ढेकणाच्या भाऊबंदांनी एकेकाळी देशभरातल्या निवडुंगाचा निकाल लावला, हे आजच्या कुंडीवाल्यांना सांगितलं की ते गप्प होतात. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लाल रंग देणारा किडा म्हणून ब्राझीलहून एक किडा भारतात आणला. तो नेमका दुसराच निघाला, रंग सुमार, पण त्याने एका जातीचा निवडुंग खाऊन साफ केला. बांधाबांधावर माजलेल्या दुसऱ्या फड्या निवडुंगासाठी मग १९२६ मध्ये त्याचा भाऊ श्रीलंकेतून मुद्दाम आणून सोडला. त्यानेही आपलं काम केलं. त्या काळी शेतकऱ्यांनी या पांढऱ्या किड्यासाठी दुवा दिला असेल. आज त्यांचीच पणती त्याच्या चुलतभावाला कापसाच्या काडीने एकेक करून टिपते आणि त्या निवडुंगाची मावसबहीण जगावी म्हणून माझ्याकडे येते.

मग उपाय काय? उपाय सांगितला की माझी विश्वासार्हता जाते, तरी सांगते. पाणी बंद. रोप कुंडीतून उपटायचं, मुळांची माती झाडायची. नर्सरीतून येताना ते नारळाच्या भुश्शात खोवलेलं असतं आणि तो भुसा पन्हाळ्याच्या हवेत दिवाळीपर्यंत वाळत नाही. काळी, ओघळलेली मुळं कापायची. पांढरी, ताठ ठेवायची. रोप दोन-तीन दिवस नुसतं कागदावर पडू द्यायचं. हे ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. मग जांभ्याचा किंवा विटेचा जाडसर चुरा दोन भाग आणि माती एक भाग अशा मिश्रणात, भोक असलेल्या कुंडीत लावायचं. बशी नाही. जास्तीत जास्त उजेडाच्या खिडकीत, इतर कुंड्यांपासून चार बोटं लांब, आणि वाऱ्यात.

वाऱ्यासाठी पंखा. पन्हाळ्यात पंखा ही चैनीची वस्तू, ३,००० फुटांहून वर असलेल्या या गावात माणसांना तो लागत नाही. आता काही घरांत टेबलफॅन आले आहेत आणि ते रोपाकडे तोंड करून लावलेले असतात. घरातली माणसं शेजारी स्वेटर घालून बसतात. एका घरी आजोबा कुडकुडत म्हणाले, “जरा बंद कर की पंखा.” सून म्हणाली, “तुम्ही तिकडं सरकून बसा मामंजी, त्याला बरं नाही.”

इतकं सगळं करतील, पण पाणी बंद करणार नाहीत. पंखा चालेल, पुडा चालेल, विटा कुटतील, रोप घेऊन एसटीने कोल्हापूरला जातील. नुसतं काही न करता बसणं जमत नाही. आमच्या घरांत आल्यागेल्याला चहा विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. खिडकीतलं रोप चार आठवडे तसंच उपाशी ठेवायचं म्हणजे काय? सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यात घोटभर उरतं. ते उरलेलं घोटभर पाणी हा पन्हाळ्यातल्या सक्युलंटचा क्रमांक एकचा शत्रू आहे. ते घालणारा हात कधीच दिसत नाही. घरात प्रत्येक जण सांगतो, मी नाही घातलं. माती ओली असते.

गडावरच्या अंबरखान्यासमोरून जाताना मला हे हटकून आठवतं. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या. नावं नद्यांची आणि काम आत थेंब शिरू न देण्याचं. एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. या धुक्यात, या पावसात, डोंगराएवढं धान्य कोरडं ठेवणारी माणसं इथं होऊन गेली. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, तेही नेमका जुलैत, गड दहा पावलांवरून दिसत नसताना. आणि त्या वारशाच्या सावलीत आम्हाला एक वाटीभर माती कोरडी ठेवता येत नाही.

आप्पांच्या रोपालाही मी हाच उपाय सांगितला होता. हो, आप्पांनाही मिळालं एक, कारखान्याच्या कसल्याशा कार्यक्रमात. त्यांनी ते उसाच्या इमानाने वाढवलं. मी हात जोडून पाणी थांबवायला लावलं, विटांचा चुरा त्यांनी स्वतः कुटला, डागाळलेली खालची पानं काढली. सप्टेंबर अखेर मधून नवीन पानं आली, घट्ट, निळसर, बिनडागी. जुन्या पानांवरच्या खपल्या होत्या तिथंच राहिल्या; त्या जात नसतात, पान जुनं होऊन गळतं तेव्हाच जातात. आप्पांना ते पटलं नाही, पण खुशीत होते.

मग ऑक्टोबरात ढग उठला आणि लख्ख ऊन पडलं. पन्हाळ्यातल्या प्रत्येक घराने गाद्या, रजया, स्वेटर, पापड आणि सक्युलंट एकाच वेळी गच्चीवर काढलं. चार महिने अंधारात बसलेलं रोप थेट दुपारच्या उन्हात. रोज तास-दीड तास सकाळचं ऊन देत आठ-दहा दिवसांत सवय करायची असते. आप्पांनी सकाळी नऊला ठेवलं ते दिवेलागणीला आठवण झाल्यावर आणलं. दुसऱ्या दिवशी कुंडी माझ्या ओट्यावर. नव्या पानांच्या वरच्या अंगाला, सूर्याकडच्या बाजूला, बदामी कोरडे चट्टे. खालची बाजू स्वच्छ.

“बाई, आता हे कुठला तांबेरा म्हणायचा?”

“तांबेरा नाही आप्पा. ऊन लागलंय.”

“मग औषध?”

“काही नाही. सावलीत ठेवा. वाढणार नाही.”

“डाग जाईल?”

“नाही.”

“पाणी?”

“नको.”

“खत?”

“नको.”

आप्पा बराच वेळ कुंडीकडे बघत बसले. मग पिशवीतून प्लास्टिक काढलं, कुंडी त्यात नीट गुंडाळली, वर गाठ मारली.

“राग धरू नका बाई,” म्हणाले, “पण दोन वर्षं झाली, तुमाकडनं एक गोळी मिळाली न्हाई.” आणि साडेदहाची कोल्हापूर एसटी धरून पुढे तासगावच्या पाहुण्यांकडे गेले.